पडद्यावरचा ख्रिस्त आणि नाशिकच्या डोंगरातला प्रेक्षक

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक मूकपट लागला होता. प्रेक्षकांत चाळिशीचा एक गृहस्थ बसला होता. छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी बिनसलेले, हाताला काम नाही, घरात पैशाची ओढाताण. पडद्यावर ख्रिस्ताचे एकेक प्रसंग सरकत होते आणि हा गृहस्थ भान हरपून टाळ्या वाजवत होता. खेळ संपला तसे त्याने पुन्हा तिकीट काढले आणि तोच चित्रपट पुन्हा पाहिला. मग बायकोलाही दाखवायला आणले. त्या वेळचे गाडीभाडे आणि तिकिटाचे पैसे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसने घेतलेले होते.

हे धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, गाव त्र्यंबकेश्वर. त्या दिवशी आपल्याला काय वाटले हे त्यांनी पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत लिहून ठेवले. डोळ्यांपुढून ख्रिस्त जात होता आणि मनात मात्र श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असा त्या लेखनाचा आशय आहे. आपले देव असे पडद्यावर कधी दिसतील, या तळमळीतून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्माला आला, ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तिच्यातली एक बाजू मात्र सहसा बोलली जात नाही. फाळक्यांचा तो लेख म्हणजे एका ख्रिस्ती चित्रपटावर एका मराठी प्रेक्षकाने दिलेले मत आहे, आणि आपल्याकडच्या चित्रपटाची सुरुवातच त्या मतापासून झाली आहे.

त्या चित्रपटात पाहण्यासारखे काय होते? फाळक्यांनी पाहिलेली प्रत नेमकी कोणती, यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. काही जण फ्रान्सच्या गोमाँ कंपनीसाठी आलिस गी या दिग्दर्शिकेने १९०६ मध्ये केलेल्या ख्रिस्तपटाचे नाव घेतात, तर काही पाथे कंपनीच्या चित्रपटाचे. दोन्हींची घडण एकाच जातीची आहे. रंगवलेले पडदे, कापडी डोंगर, समोर मांडलेला देखावा, आणि त्या देखाव्यात येऊन उभी राहणारी माणसे. आलिस गीच्या चित्रपटात असे पंचवीस देखावे आहेत. फाळके स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण आणि छपाई हातात मुरलेली, शिवाय जादूचे प्रयोग करणारे. पडदा कुठे रंगवला आहे आणि हातचलाखी कुठे आहे, हे अशा माणसाला पहिल्या नजरेतच कळते. तरीही लेखात त्या कापडी डोंगराबद्दल तक्रार नाही. त्यांना ओळखीची गोष्ट दिसली होती: संकटात सापडलेल्यांना हात देणारा, छळ सोसणारा देव. नावे वेगळी असली तरी चरित्राची ठेवण घरचीच होती.

देवाची गोष्ट पाहणारा किंवा ऐकणारा माणूस नवी गोष्ट मागत नाही. त्याला ओळखीची गोष्ट आपल्या सुरात हवी असते. हे मराठी मुलखात फाळक्यांच्या तीनशे वर्षे आधीच दिसून आले होते.

गोव्यातल्या साष्टीत इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स नव्या ख्रिस्ती लोकांना धर्माचे धडे देत असत. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात जाणारा हा ग्रंथ का लिहावा लागला, हे ग्रंथाच्या सुरुवातीलाच आले आहे. शिकायला आलेल्यांतला एक जण फादरांना विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात हक्काची मागणी आहे. नुसती शिकवण पुरत नाही, ती म्हणता आली पाहिजे आणि ऐकता आली पाहिजे. फादर स्टीफन्सनी ते ऐकले, ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मराठीतली ओवी उचलली आणि सृष्टीच्या आरंभापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा तिच्यात बसवली. त्यांच्या मायभाषेत एव्हाना शेक्सपिअरची नाटके गाजून गेली होती, आणि हे फादर साष्टीत बसून ओव्या रचत होते. श्रोत्यांच्या अपेक्षेने लेखकाला कुठे नेऊन ठेवले, याचे याहून मोठे उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये तेच पुन्हा घडले. इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीते चर्चमध्ये म्हटली जात, पण मंडळी खरी रंगत ती कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्या रागदारीतल्या पदांत. ख्रिस्ती कीर्तनही त्याच वातावरणात उभे राहिले: चिपळ्या, मृदंग, पूर्वरंग, आख्यान, आणि आख्यानाचा नायक येशू. नंतर नारायण वामन टिळक आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांची भजने आणि अभंग आजही ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातून रविवारी म्हटले जातात. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हयातीत अपुरे राहिले. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, तब्बल ६४ अध्याय लिहून. ‘स्मृतिचित्रे’च्या या लेखिकेचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर, गोदेच्या काठावरचे. सोवळ्याच्या कडक घरात वाढलेल्या आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईने ख्रिस्ताची गोष्ट ओवीतच सांगितली, कारण जात्यावर आणि पुराणात कानावर पडलेली लय तीच होती.

नाशिक शहराला ख्रिस्ती वस्तीही नवी नव्हती. चर्च मिशनरी सोसायटीचे काम इथे १८३२ पासून होते आणि १८५४ मध्ये शहराबाहेर शरणपूर वसवले गेले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही तिथे आसरा मिळाला.  

आता पुन्हा फाळक्यांकडे वळू या. कमी पैशात चित्रपट करणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कुणी भोगले नसेल. ख्रिस्तपट पाहिल्यानंतर त्यांनी महिनोन्महिने रोज चार-पाच तास चित्रपट पाहिले, झोप सोडली, आणि डोळे इतके बिघडले की काही दिवस दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवून आले. त्या काळी कच्ची फिल्म भोके न पाडता येत असे. रात्री घरातली निजानीज झाली की त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून यंत्रावर फिल्मला भोके पाडत. दिवसा उन्हात त्याच पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे नटाच्या चेहऱ्यावर उजेड परतावा. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. दागिने तर आधीच गेले होते. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव तळटीपेत जाते, हा अन्याय आहे.

‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीतला आचारी अण्णा साळुंके याला दहा रुपयांवरून पंधरा रुपयांवर नेऊन साडी नेसवली. रोहिदासाच्या भूमिकेत मुलगा भालचंद्र. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली तर ढाली-तलवारी पाहून गावकऱ्यांना वाटले दरोडेखोर आले, आणि पोलिसांनी सगळ्यांना अडकवून ठेवले. फाळके येऊन कॅमेऱ्याचे प्रात्यक्षिक देईपर्यंत सुटका झाली नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांसाठी लागला. आणि मग त्याच वर्षी फाळके आपला सारा कारखाना घेऊन नाशिकला आले.

नाशिकमध्ये बनलेल्या चित्रपटांना लोक कसे सामोरे गेले, त्याच्या हकिकती उपलब्ध आहेत. ‘लंकादहन’ला (१९१७) राम पडद्यावर दिसताच प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून ठेवत. राम आणि सीता दोन्ही भूमिका एकटे साळुंकेच करत होते. रामाच्या दंडाचे स्नायू सीतेच्या पदराआडून डोकावत असतील तरी कुणी हसले नाही. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी, आणि त्या लहान मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव आजही प्रेक्षकाला जागचे हलू देत नाहीत. पैसा कमी होता हे प्रत्येक चौकटीत दिसते. श्रद्धेत आणि कामात कसर नव्हती, तेही दिसते.

सुरतेला मात्र ‘राजा हरिश्चंद्र’ पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये मिळवून बसला. तिथल्या माणसांना दोन आण्यांत सहा-सहा तासांची नाटके पाहायची सवय होती, मग दीड तासाचा खेळ कोण पाहणार? फाळक्यांनी जाहिरातच बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे. गल्ला चढला. इथेही निकाल प्रेक्षकांच्या सवयीनेच दिला होता.

सवयीचाच विषय निघाला तर नाशिकहून पेठचा रस्ता धरावा लागतो. सुमारे ५५ किलोमीटर, करंजाळी मागे टाकत, घाट उतरत-चढत. पावसाळ्यात धुक्याने झाकलेला, भात-नागली-वरईचा हा तालुका एकेकाळी छोटे संस्थान होता. १८७८ मध्ये शेवटच्या बेगमेच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी ते खालसा करून नाशिक जिल्ह्याला जोडले. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांची. दिवाळी सरली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि शिमग्याला गावी परततात. शिमग्यानंतर बोहाड्याचे दिवस येतात.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या सगळ्या पट्ट्यात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवण्याचा उत्सव, होतो. ज्याने तो पाहिला नाही त्याला चित्रपटाच्या पडद्यापुढे बसलेल्या इथल्या माणसाचे मन कळणार नाही. गावातली वाट हाच रंगमंच. दोन्ही कडांना माणसे दाटीने बसलेली, मांडीवर झोपलेली पोरे. संबळ आणि पिपाणी वाजू लागली की टेंभ्यांच्या उजेडात पहिल्यांदा गणपतीचे सोंग येते, मग मोरावरची शारदा. हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, वर भडक रंग. सोंग चार पावले पुढे येते, तेवढीच मागे जाते, गिरकी घेते, पुन्हा पुढे येते. रावणाची दहा तोंडे इतकी अवजड असतात की ती अंगाला दोरांनी बांधावी लागतात, आणि नाचणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या शेजारी बसलेल्यांना स्पष्ट दिसतात. तो कोणाचा पोरगा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. कोणते सोंग कोणत्या घराकडे, याचा मान ठरलेला असतो आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. स्त्रियांची सोंगेही पुरुषच काढतात. पहाटेकडे जगदंबा आणि महिषासुराचे युद्ध होते, तेव्हा डुलक्या घेणारी म्हातारी माणसेही सरसावून बसतात.

इथे कुणी नवे कथानक पाहायला येत नाही. सोंग वाजवणाऱ्याच्या ठेक्यावर पडले का, गेल्या वर्षीपेक्षा यंदा दमदार नाचले का, रावणाने तोल सावरला का, यावर दुसऱ्या दिवशी बांधाबांधावर चर्चा चालते. ही चित्रपट परीक्षणाइतकीच गंभीर परीक्षा आहे, आणि ती करणाऱ्यांची नजर पिढ्यांची तयार आहे.

कोकणांच्या थाळगानातही तेच. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि ती बोटांनी ओढत राहायची. त्यातून घुमणारा संथ सूर निघतो आणि त्या सुरावर कणसरी या धान्यदेवतेची कथा किंवा रामकथा रात्रभर चालते. त्यातला राम वाल्मीकीपेक्षा वेगळ्या वाटेने जातो, नागली-भाताच्या शेतातून जातो. स्टीफन्सना ओवी घ्यावी लागली, टिळकांना अभंग घ्यावा लागला, त्याचे कारण अशा रात्री पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बोलपट आल्यावर सुराचे महत्त्व आणखी उघड झाले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सलग ५७ आठवडे चालला. येणाऱ्या प्रत्येकाला अभंग आधीच पाठ होते, आणि विष्णुपंत पागनीस ते कसे म्हणतात हे ऐकायला माणसे पुन्हा पुन्हा येत होती. दुसऱ्या वर्षी फाळक्यांनी ‘गंगावतरण’ केला, त्यांचा एकमेव बोलपट म्हणून तयार झालेला चित्रपट. तो चालला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये ते गेले तेव्हा फार थोड्यांना दखल घ्यावीशी वाटली.

पुढच्या काळात चित्रपट खेड्यात पोहोचवला तो तंबूवाल्यांनी. जत्रेला ट्रक यायचा, तंबू उभा राहायचा, भोंग्यावरून पुकारा व्हायचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातले हे शेवटचे तंबूवाले दिसतात, गंजलेल्या प्रोजेक्टरशी झगडणारे. ख्रिस्तपट तर तंबूशिवायही फिरले. दोन बांबूंना पांढरे कापड, एक प्रोजेक्टर, एक जनरेटर. १९७९ चा ‘जीझस’ हा लूककृत शुभवर्तमानावरचा इंग्रजी चित्रपट दोन हजारांच्या घरात भाषांत डब होऊन जगभर असा दाखवला गेला. हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यावरून गावागावांत वादही झाले, आणि ते वाद खरे आहेत. तरी पाहणाऱ्याच्या बाजूनेही या इतिहासाकडे बघायला हवे.

त्या बाजूने पाहिले तर ‘जीझस’पेक्षा ‘करुणामयुडू’ अधिक बोलका आहे. ए. भीमसिंग यांनी दिग्दर्शित केलेला हा तेलुगू ख्रिस्तपट १९७८ चा. पैशाअभावी चित्रीकरण वर्षानुवर्षे रखडले, आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधीच भीमसिंग गेले. विजयचंदर हे निर्मातेही होते आणि येशूही तेच. गाणी भरपूर, भाव उघडे, दुःख ढसढसा. हिंदीत ‘दया सागर’ या नावाने तो फिरत्या पथकांनी देशभर खेडोपाडी नेला. शहरी समीक्षकाला ज्या गोष्टी खटकतात, म्हणजे चिकटवलेली दाढी, भडक प्रकाश, मधूनच येणारे गाणे, त्याच या चित्रपटाच्या बळाच्या जागा ठरल्या. हेच विजयचंदर पुढे १९८६ च्या तेलुगू चित्रपटात शिर्डीचे साईबाबा झाले, आणि प्रेक्षकांनी त्याच चेहऱ्याला तितक्याच सहज हात जोडले. बोहाड्यात एकाच गल्लीत एकामागून एक देव येताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात काही अवघड वाटणार नाही.

अमेरिकेतही चित्र फार वेगळे नाही. २०२१ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर ‘अ वीक अवे’ हा किशोरवयीन मुलांचा ख्रिस्ती संगीतपट आला. पोलिसांची गाडी पळवलेला एक अनाथ मुलगा चर्चच्या उन्हाळी शिबिरात जातो, तिथे मैत्री, थोडे प्रेम, पुष्कळ नाचगाणे. कथा कुठे जाणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळते, ही टीकाकारांची तक्रार रास्तच आहे. पण त्यातली बरीच गाणी एमी ग्रँट, मायकेल डब्ल्यू. स्मिथ, स्टीव्हन कर्टिस चॅपमन यांची, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये वाढलेल्या पालकांच्या तरुणपणची. आई-वडिलांना आपली गाणी मुलांच्या तोंडी ऐकायला मिळाली. ज्यांना ती गाणी ठाऊक नव्हती त्यांना चित्रपट फिका वाटला आणि ज्यांना ठाऊक होती ते सुखावले. त्याच्या जवळपास पन्नास वर्षे आधी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ आणि ‘गॉडस्पेल’ (दोन्ही १९७३) यांनी रॉक आणि जीन्स वापरून ख्रिस्त तरुणांच्या सुरात बसवला, तेव्हाही भांडण सुरावरूनच झाले होते.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आज लहान लहान प्रार्थनाघरे आहेत. आजच्या तरुणांच्या हातात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे, आणि चित्रपट करायला विम्याची पॉलिसी गहाण टाकण्याची गरज उरलेली नाही. उद्या या डोंगरातल्या मुलामुलींनी गाण्यांचा एखादा ख्रिस्तपट केलाच, तर तो शहरातल्या गिटारच्या चालीवर नेण्याआधी त्यांनी थाळीचा आणि संबळाचा विचार जरूर करावा. त्यांची आजी-आजोबा मंडळी समोर बसणार आहेत, आणि ती परीक्षा सोपी नसते.

तोवर एक काम लगेच करण्यासारखे आहे. फाळके लिहिणारे होते म्हणून त्यांचे मत ‘नवयुग’मध्ये राहिले. पेठच्या बाजारात, करंजाळीत, पाड्यापाड्यांवर सत्तरी ओलांडलेली माणसे अजून आहेत. जत्रेतल्या तंबूत त्यांनी पहिला चित्रपट कोणता पाहिला, तिकिटाला किती पैसे पडले, कापडावर दिसलेल्या देवाला हात जोडले की नाही, कोणते गाणे घरी येऊन म्हटले, आणि बोहाड्यातल्या सोंगापुढे ते कसे वाटले, हे त्यांना त्यांच्याच बोलीत विचारून रेकॉर्ड करावे. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांतली मुले एका उन्हाळी सुट्टीत एवढे सहज करू शकतील.